मुद्दुपळनीची गाळलेली पानं

सोलापूरच्या माणसाला "तुला तेलुगू येतं का?" असं विचारू नये. उत्तर "हो" पण नसतं आणि "नाही" पण नसतं. आमचं घर पूर्वभागाला लागून. पहाटे जाग यायची ती पॉवरलूमच्या खटखटीनं, आणि खेळायला सवंगडी मिळाले ते सगळे पद्मशाली घरांतले. त्यामुळे रा, पो, तिन्नावा इतपत तेलुगू आपोआप तोंडात बसलं. शेजारच्या पेद्दम्मा माझ्या तेलुगूवर अजूनही हसतात. लिपी मात्र शून्य. बोलता येतं, वाचता येत नाही. थोडक्यात काय, कानानं साक्षर, डोळ्यानं अंगठाछाप!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ऑफिसच्या कॅन्टीनमधे झालेली माझी फजिती. आमच्या टीममधे विजयवाड्याची एक मुलगी आहे. एका शुक्रवारी जेवताना सांबारावरून विषय निघाला आणि मी माझी नेहमीची टेप सुरू केली. तंजावरला आमच्या मराठ्यांचं राज्य होतं, व्यंकोजी राजे म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या देवळातला तो भलाथोरला मराठी शिलालेख वगैरे वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या प्रतापसिंहाच्या दरबारातली मुद्दुपळनी तुला माहीतच असेल."

माहीत असायला हवी होती. नव्हती. नाव ऐकून हसू मात्र आलं, कारण 'मुद्दु' म्हणजे काय ते सोलापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. लाड, पापा, गोड. त्यापुढचे दोन शनिवार-रविवार याच बाईच्या मागे गेले. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठ्यांच्या आधी तंजावरला नायक राजे होते. राज्य तमिळ मुलखात, पण घराणं तेलुगू, त्यामुळे दरबारातली काव्याची, गाण्याची आणि नाचाची भाषा तेलुगू. 1670 च्या दशकात व्यंकोजी राजे तिथे गादीवर बसले आणि मराठी अंमल सुरू झाला, तो इंग्रजांनी 1855 साली संस्थान खालसा करेपर्यंत चालला. आता नवा राजा आला की दरबाराची भाषा बदलायची, असा आपला साधारण समज. तंजावरला तसं झालं नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी (कारकीर्द 1684 ते 1712) मराठीत नाटकं लिहायचा आणि तेलुगूतही लिहायचा. 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे त्याचं तेलुगू नाटक. मराठीतली सगळ्यात जुनी नाटकं पुण्या-सांगलीत नाही तर तंजावरला लिहिली गेली, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे हिशेब, पत्रं मराठीत, रस्त्यावर तमिळ, काव्य तेलुगूत आणि पांडित्य संस्कृतात. सोलापूरच्या माणसाला यात काही नवल वाटू नये. आपल्याकडे एकाच चौकात चार भाषांत भांडणं होतात!

मुद्दुपळनी ही याच दरबारातली. काळ अठराव्या शतकाचा मधला, प्रतापसिंह राजाचा (1739 ते 1763). नावातलं 'पळनी' हे मुरुगनाचं प्रसिद्ध क्षेत्र. ती गणिका होती. हा शब्द वाचल्यावर डोक्यात लगेच एक चित्र उभं राहतं. माझ्याही राहिलं. पण ते जरा बाजूला ठेवा. त्या काळी बहुतेक घरंदाज बायकांना अक्षरओळखही नव्हती, तेव्हा गणिकांच्या घरात मुलींना लिहायला-वाचायला, गायला, नाचायला, तेलुगू-संस्कृत काव्य समजून घ्यायला रीतसर शिकवलं जायचं. त्यांच्याकडे स्वतःची मालमत्ता असायची आणि ती बायकांच्या हातात राहायची. याची किंमत काय होती तेही विसरून चालणार नाही. मुलगी जन्मली की तिचं आयुष्य ठरलेलं. राजा किंवा धनिकाची मर्जी हाच आधार. उगाच सोनेरी चित्र रंगवायला नको. पण विद्या मिळण्याचं बायकांसाठी जे एखादं दार उघडं होतं, ते हे होतं.

काळ तरी कसा? रघुजी भोसले नागपूरहून फौज घेऊन कर्नाटकात उतरले, 1741 मधे त्रिचनापल्ली घेतली आणि चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला धाडलं. 1749 मधे इंग्रजांनी तंजावरकडून देवीकोट्टई मिळवलं. 1758 मधे फ्रेंचांचा सेनापती लाली खुद्द तंजावरला वेढा घालून बसला. इतिहासाच्या पुस्तकांत प्रतापसिंह भेटतो तो या धामधुमीत. त्याच्याच दरबारात एक बाई तेलुगू छंद जुळवत बसली होती, हे त्या पुस्तकांत नसतं.

तिनं लिहिलं 'राधिका सांत्वनमु'. 584 पद्यांचं काव्य, चार भागांत. नाव वाचून वाटेल की राधा-कृष्णाचं नेहमीचं रुसणं-मनवणं. कथा मात्र नेहमीची नाही. यातली राधिका वयानं मोठी आहे. तिनं इला नावाच्या मुलीला लहानपणापासून सांभाळलंय, वाढवलंय. ती मुलगी वयात आल्यावर राधिका स्वतःच तिचं लग्न कृष्णाशी लावून देते. ज्या कृष्णावर तिचं स्वतःचं प्रेम आहे, त्याच्याशी! नव्या नवरीला चार गोष्टी समजावून सांगते, कृष्णालाही सांगते की पोर लहान आहे, जपून, हळुवार वाग. दोघांना खोलीत पाठवते. आणि मग मागे एकटी राहिल्यावर तिचा जीव जळायला लागतो.

हे वाचून मी थांबलो. मत्सराच्या गोष्टी पुष्कळ वाचल्यात आपण, पण त्यात बहुधा एक 'चांगली' बाई असते आणि एक 'वाईट'. इथे जिनं दिलं तीच जळते. देणंही खरं आणि जळणंही खरं. शेवटी कृष्ण परत येतो आणि तिची समजूत काढतो, म्हणून 'सांत्वन'. शृंगार भरपूर आहे, तो लपवलेला नाही. आणि त्यात इच्छा बाईची आहे. तिला काय हवंय ते ती सांगते, पुढाकार ती घेते. कृष्णाची आळवणी करणारी राधा ओळखीची असते. इथे आळवणी कृष्णाला करावी लागते.

पण मला सगळ्यात आवडली ती काव्याची सुरुवात. जुन्या रीतीप्रमाणे कवी आधी आपली ओळख देतो. मी अमक्याचा पुत्र, तमक्याचा नातू, अमुक गोत्राचा. मुद्दुपळनी पण ओळख देते. पण ती अभिमानानं सांगते ती आपल्या घराण्यातल्या बायकांबद्दल. आजीचं नाव घेते, तंजनायकी, जी स्वतः नावाजलेली कलावंत होती. आणि पुढे स्वतःबद्दल, जराही न लाजता, सांगते की मी विद्वानांना देणग्या देऊन त्यांचा सन्मान केला आणि कवींनी आपली काव्यं मला अर्पण केली. म्हणजे आश्रय मागणारी नाही, आश्रय देणारी!

इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. त्याच शतकात, थोडं आधी, तिकडे आयर्लंडमधे डब्लिनला मेरी बार्बर नावाची एक कवयित्री होती. अँग्लो-आयरिश, म्हणजे राहायचं आयर्लंडमधे आणि लिहायचं राज्यकर्त्यांच्या इंग्रजीत. नवरा लोकरी कापडाचा व्यापारी (सोलापूरकरांनी नोंद घ्यावी). तिचा कवितासंग्रह 1734 साली निघाला तो आधी वर्गणीदार गोळा करून, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला होतं 'गलिव्हर'वाल्या जोनाथन स्विफ्टचं एका उमरावाला लिहिलेलं शिफारसपत्र. व्यापाऱ्याच्या बायकोनं कविता छापायच्या, तर कुणीतरी मोठ्या पुरुषानं "बाई चांगली आहे हो" असं म्हणायला हवं. स्विफ्टच्याच गोतावळ्यातली दुसरी, लेटिशिया पिल्किंग्टन. 1738 मधे नवऱ्यानं घटस्फोट दिल्यावर तिची अब्रू पार गेली आणि लिहिण्यावर कसंबसं पोट भरावं लागलं. म्हणजे डब्लिनमधे पुस्तकाच्या दारात स्विफ्ट उभा आणि तंजावरला दारात आजी उभी. या ओळखीची किंमत पुढे दीडशे वर्षांनी कळणार होती.

1887 साली 'राधिका सांत्वनमु' पहिल्यांदा छापलं गेलं. तेलुगूचा कोश करणारा इंग्रज अधिकारी सी. पी. ब्राऊन आपल्यापैकी काहींना माहीत असेल. त्याच्यासोबत काम केलेल्या पैडिपाटी वेंकटनरसू या पंडितांनी ही आवृत्ती काढली. टीपाबिपा सगळं व्यवस्थित. फक्त कवयित्रीची आणि तिच्या घराण्याची ओळख देणारा सुरुवातीचा भाग गाळला, आणि काही पद्यंही गाळली. 1907 मधे याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर फाईलच्या वरचा लेखकाच्या नावाचा भाग कुणीतरी उडवला, मधल्या काही ओळी उडवल्या, आणि पुढच्या प्रत्येकानं तीच फाईल कॉपी केली. अजून वीस-तीस वर्षं गेली असती तर तेच 'मूळ' ठरलं असतं. काही गेलंय हेच कळलं नसतं, कारण गाळलेल्या जागी भोक दिसत नाही. पान सलगच दिसतं.

ज्यांना मुद्दुपळनी माहीत होती त्यांचं मत काय होतं? आधुनिक तेलुगू साहित्याचे जनक समजले जाणारे कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी तेलुगू कवींच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तिच्या विद्वत्तेची दखल आहे, पण सूर असा की ही चारित्र्यहीन बाई, आणि स्त्रीच्या तोंडी शोभणार नाही असं हिच्या काव्यात बरंच काही आहे. आता गंमत (की शोकांतिका) बघा. वीरेशलिंगम हे काही सनातनी गृहस्थ नव्हेत. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शाळा काढल्या, 1881 मधे राजमहेंद्रीला समाजाचा विरोध पत्करून विधवाविवाह लावून दिला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडित, कर्वे यांना जो मान आहे तो आंध्रात त्यांना आहे आणि योग्यच आहे. बाईनं शिकावं यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. पण शिकलेली बाई काय लिहील, याचं चित्र त्यांच्या मनात आधीच पक्कं होतं. मुद्दुपळनी त्या चित्रात बसत नव्हती.

आता कथेत दुसरी बाई येते. बंगळूर नागरत्नम्मा. 1878 साली म्हैसूरजवळ नंजनगूडला जन्म, त्याही गणिकांच्याच समाजातल्या, पुढे मद्रासला स्थायिक झालेल्या मोठ्या गायिका. कन्नड, तेलुगू, तमिळ, संस्कृत सगळं येणाऱ्या. तंजावरच्या साहित्यावरच्या एका लेखनात त्यांना मुद्दुपळनीचा उल्लेख सापडला. पुस्तक शोधलं, खटपटीनं 1907 ची प्रत मिळवली. पुढे हस्तलिखित मिळालं. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना लक्षात आलं की छापील पुस्तकात पानंच्या पानं नाहीत. आणि जे नाही त्यात नेमकं काय आहे? तर ही कवयित्री आपल्यासारखीच, आपल्याच समाजातली आहे, ही गोष्ट.

नागरत्नम्मा स्वतः संपादनाला बसल्या. 1910 मधे मद्रासच्या वाविळ्ळा रामस्वामी शास्त्रुलू आणि सन्स या नामांकित प्रकाशनानं त्यांची संपूर्ण आवृत्ती काढली. प्रस्तावनेत त्यांनी वीरेशलिंगमांना थेट प्रश्न विचारला. थोडक्यात मुद्दा असा: लाज ही गोष्ट फक्त बायकांनाच असते का? तुम्ही स्वतः ज्या जुन्या काव्यांना मान्यता दिलीत, त्यांत याहून उघडं वर्णन आहे. ते पुरुषानं लिहिलं तर काव्य, आणि बाईनं लिहिलं तर अश्लील? 1910 सालची मद्रासमधली गाणारी बाई एवढ्या मोठ्या समाजसुधारकाला छापील पुस्तकात हे विचारते. एका क्षणाला मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तक्रार झाली. सरकारी भाषांतरकारानं निवडक पद्यांचं भाषांतर केलं, पुस्तक अश्लील ठरलं आणि 1911 मधे प्रती जप्त होऊन त्यावर बंदी आली. प्रकाशकांनी अर्जविनंत्या केल्या, विद्वानांनी सह्या केल्या, काही उपयोग नाही. बंदी उठायला छत्तीस वर्षं लागली. टी. प्रकाशम मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री असताना 1947 साली ती उठवली गेली, आणि 1952 मधे वाविळ्ळांनी पुस्तक पुन्हा छापलं. नागरत्नम्मा गेल्या त्या त्याच वर्षी, 1952 च्या मे महिन्यात.

आता जरा आपल्या गावात येऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातही एक शृंगारकवी होऊन गेला. राम जोशी! ब्राह्मणाघरचा मुलगा तमाशाच्या नादी लागला, घरातून बाहेर पडला, पंढरपूरला संस्कृत शिकला, कीर्तनं केली आणि तरीही पुन्हा डफ-तुणतुण्याकडे वळला. त्याच्या लावण्यांत काही कमी शृंगार नाही. मराठीत संस्कृत आणि कन्नड मिसळून लिहायची त्याची हातोटी तर अगदी अस्सल सोलापुरी. त्याच्या नावानं नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण त्याच्या लावण्या छापल्या गेल्या, मराठी साहित्याच्या इतिहासात त्याला मानाचं पान मिळालं, आणि 1947 साली त्याच्यावर 'लोकशाहीर राम जोशी' हा सिनेमा आला तो तुफान चालला. साल लक्षात घ्या. ज्या वर्षी महाराष्ट्र थिएटरात बसून राम जोशीच्या शृंगाराला दाद देत होता, त्याच वर्षी मद्रासमधे मुद्दुपळनीच्या पुस्तकावरची बंदी उठत होती.

यात राम जोशीचा काहीच दोष नाही, मी स्वतः त्याचा भक्त आहे. पण त्याच्या लावण्या गाणाऱ्या बयाबाईची आठवण आपल्याला आहे ती राम जोशीच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून. तिनं तिची ओळख कधी स्वतः लिहिली असती तर? आणि लिहिलेली कुणी गाळली असती, तर ती परत घालायला एखादी नागरत्नम्मा आपल्याकडे होती का?

मला स्वतःला जास्त टोचलं ते आणखी एक. तंजावरचे मराठे म्हटलं की मी ऊर भरून बोलायचो. शिलालेख, ग्रंथालय, सांबार सगळं 'आमचं'. पण त्या दरबारातलं जे तेलुगूत आहे, आणि त्यातही एका गणिकेनं लिहिलेलं, ते 'आमचं' या यादीत कधी आलंच नाही. तेलुगूवाल्यांनी निदान तिच्यावर बंदी घातली, म्हणजे ती आहे हे मान्य केलं. आपण मराठी माणसांनी तर तिला गाळायचेही कष्ट घेतले नाहीत.

1991 मधे सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह काढला, त्यानंतर मुद्दुपळनी तेलुगूबाहेर पोचली. 2011 मधे संपूर्ण काव्याचा इंग्रजी अनुवादही आला. मी वाचला तो इंग्रजीतूनच, काय करणार.

मात्र गेल्या खेपेला सोलापूरला गेलो तेव्हा मूळ तेलुगूतल्या सुरुवातीच्या पानांचं प्रिंटआऊट सोबत नेलं होतं. पेद्दम्मांची शाळा तेलुगू माध्यमाची, सातवीपर्यंत. त्यांनी चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली, आणि दोन ओळींत कपाळाला आठ्या. "हे पुस्तकी तेलुगू आहे बाबा, आमचं नव्हे. निम्मं पण कळंना." तरी वाचत राहिल्या, बोट ठेवून, शाळेतल्यासारखं. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "ही कोण तंजनायकी?"

मी सांगितलं, हे लिहिणाऱ्या बाईची आजी.

"आजीचं नाव घातलंय व्हय पुस्तकात?" म्हणाल्या, आणि तेवढी ओळ परत एकदा मोठ्यानं वाचली.

असो. माझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं, हे मला त्या रात्री आईला विचारावं लागलं. तुम्हाला तुमच्या आजीचं माहीत आहे का? नसेल तर या रविवारी विचारून ठेवा.